कलिंगडाचा स्वतःचा वाण तयार करताना आधी गोडी पाहावी की उत्पादन?

प्रश्न : भीमाकाठचा शेतकरी (सोलापूर जिल्हा)

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमच्या भागात उन्हाळी कलिंगड मल्चिंग आणि ठिबकावर घेतले जाते. जानेवारीत रोपे लावायची, सत्तर-पंचाहत्तर दिवसांत माल तयार करायचा आणि व्यापाऱ्याने बांधावर येऊन गाडी भरून न्यायची, असा साधारण क्रम आहे. एकरी सहा हजारांच्या आसपास रोपे बसतात आणि त्यासाठी संकरित बियाणे दर हंगामाला नव्याने विकत घ्यावे लागते. खर्चाची तक्रार आहेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की आमच्या जमिनीला चांगला मानवलेला एक संकरित वाण कंपनीने बाजारात आणणेच बंद केले. त्याच्या जागी आलेल्या वाणाचा गर लालभडक आहे, परंतु साल इतकी नाजूक आहे की गाडीतला तळाचा थर बाजारात पोहोचेपर्यंत तडकलेला असतो आणि तेवढ्या मालाचे पैसे व्यापारी कापून घेतो.

यावर उपाय म्हणून पाच-सहा गुंठे जागा बाजूला ठेवून, निवड करत करत, आपल्या शेतापुरता एक सरळ वाण (ज्याचे बी राखून पुन्हा लावले तरी तसेच फळ येते असा) तयार करता येईल का, असा विचार मनात आहे. शेजाऱ्यांनी एकदा संकरित फळातले बी धरून लावले होते. त्या ओळीत एका वेलावर काळपट हिरवे गोल फळ, त्याच्या शेजारी पट्ट्यापट्ट्यांचे, पलीकडे दुधीसारखे लांबट, असा प्रकार झाला. काही फळे मूळ वाणापेक्षाही गोड निघाली आणि काही अगदीच पाणचट. शेजाऱ्यांनी तो नाद सोडला. मला मात्र त्या गोड फळांचे पुढे काय करता आले असते, हा प्रश्न सतावतो.

असे बी धरून निवड सुरू करावी, की दोन वेगळे वाण घेऊन त्यांचा संकर करावा? जास्त वजनाचे फळ आणि जास्त गोडी या दोन्ही गोष्टी एकाच वाणात आणता येतात, की एक धरली की दुसरी सुटते? वाहतुकीत टिकणाऱ्या सालीची पारख शेतावर कशी करावी? मी कृषी पदवीधर नाही, परंतु नोंदी ठेवण्याची सवय आहे. कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त पैदासकार (भाजीपाला पिके)

नमस्कार. शेजाऱ्यांच्या ओळीत जे दिसले तो बियाण्याचा दोष नव्हता. संकरित वाण म्हणजे दोन शुद्ध वंशांची पहिली पिढी. ती एकसारखी असते, कारण प्रत्येक रोपाला दोन्ही जनकांकडून ठरावीकच वाटा मिळालेला असतो. त्या फळातले बी लावले की दुसऱ्या पिढीत हे वाटे पुन्हा पिसले जातात आणि जनकांचे, आजोबांचे, नव्या जुळणीचे असे सगळे नमुने एकाच शेतात दिसू लागतात. फळाचा आकार हे याचे सोपे उदाहरण आहे. लांबट जनक आणि गोल जनक यांच्या संकराचे फळ मधल्या, लंबगोल आकाराचे येते आणि त्याच्या दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्सा वेल लांबट, अर्धे लंबगोल आणि उरलेले गोल फळे देतात. पैदासकाराला हीच विविधता हवी असते. पीक म्हणून ती गैरसोयीची, निवडीसाठी मात्र उपयोगाची.

यातले गणित आधीच समजून घेतलेले बरे. आपल्याला हवा असलेला एखादा गुण अप्रभावी, म्हणजे दोन्ही जनकांकडून आला तरच दिसणारा असेल, तर दुसऱ्या पिढीत तो चारांतल्या एका वेलावर दिसेल. असे तीन स्वतंत्र गुण एकत्र हवे असतील तर चौसष्टांतल्या एका वेलावर आणि पाच हवे असतील तर १,०२४ मधल्या एकाच वेलावर. म्हणून वीस-पंचवीस वेलांवर निवड करायला बसणे व्यर्थ आहे. दोनशे वेल निदान हवेत. ओळीत सहा फूट आणि वेलात अडीच फूट असे सैल अंतर ठेवले, तरी त्यांना पावणेतीन गुंठेच लागतील, म्हणजे आपण योजलेल्या जागेत ते सहज बसतात. हव्या असलेल्या गुणांची यादी मात्र आखूड ठेवावी.

आता मुख्य प्रश्न, गोडी की उत्पादन. कलिंगडाचे वजन बव्हंशी पाण्याचे असते आणि त्यातली साखर पानांनी तयार केलेली असते. वेलावर पाने तेवढीच ठेवून फळांची संख्या वा आकार वाढवला, तर साखरेची वाटणी पातळ होते. एका वेलावर तिसरे फळ राखले की गोडी उतरते, हा आपलाही अनुभव असेल. त्यामुळे दोन्ही गुण एकमेकांना थोडे ओढतात हे खरे, पण ते एकत्र येतच नाहीत असे नाही. अडचण निवडीच्या पद्धतीत आहे. गोडी, गराचा रंग, सालीची जाडी, बियांचा आकार हे गुण एका वेलावर, एका फळात पाहता येतात आणि पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरतात. उत्पादनाचे तसे नाही. एखाद्या वेलाने दोन मोठी फळे दिली, त्यामागे त्याचा वंश किती, खत किती, ड्रिपरखालची जागा किती आणि शेजारचा वेल मेल्याने मिळालेली मोकळीक किती, हे एका वेलावरून कधीच कळत नाही. कलिंगडात उत्पादनाची आनुवंशिकता कमी आहे, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांत वजनकाट्याच्या मागे लागू नये. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत फळाची प्रत पाहून निवड करावी आणि उत्पादनाची परीक्षा वंश स्थिरावू लागल्यावर, ओळी लावून घ्यावी.

शिवाय आपल्या पद्धतीत उत्पादन म्हणजे नेमके काय, हेही तपासून पाहावे. सहा हजार वेलांवर प्रत्येकी साडेतीन किलोचे एक विक्रीयोग्य फळ धरले तर एकरी २१ टन होतात. प्रत्यक्षात चौथा हिस्सा वेल वाकडे, लहान किंवा मुळीच फळ देत नसतील, तर हातात पावणेसोळा टन येतात. हे प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर नेले तर उत्पादन १८.९ टनांवर जाते. तेवढीच वाढ वजनातून मिळवायची तर प्रत्येक फळ ४.२ किलोचे करावे लागेल, आणि त्यासाठी पाने, पाणी व दिवस सगळेच अधिक लागेल. माझ्या मते शेतकऱ्याने एकसारखी फळधारणा हेच उत्पादन समजावे.

सुरुवात कुठून करावी याबद्दल माझा कल ओळखीच्या जनकांकडे आहे. बाजारातल्या संकरित वाणाचे जनक आपल्याला माहीत नसतात, म्हणून दुसऱ्या पिढीत काय निघेल याचा अंदाज बांधता येत नाही. त्याऐवजी शुगर बेबी आणि अर्का माणिक यांचा संकर करावा. अर्का माणिक हा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा सरळ वाण असून तो संस्थेकडील एक वंश आणि अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठाचा क्रिमसन स्वीट यांच्या संकरातून निवडला गेला आहे. भुरी, केवडा आणि करपा या तिन्ही रोगांना तो बऱ्यापैकी तोंड देतो, गोडीलाही उत्तम आहे. पण फळ सहा किलोच्या घरात जाते आणि रंग पट्टेरी असल्याने आजच्या बाजारात मागे पडतो. शुगर बेबीचे फळ लहान, गोल आणि काळपट हिरवे असते. या दोहोंच्या मधले काहीतरी आपल्याला हवे आहे, असे आपल्या वर्णनावरून वाटते.

सरळ वाण उत्पादनात संकरितापुढे टिकणारच नाही, ही समजूतही अर्धीच खरी आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात टॉड वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने जुने-नवे असे ८० वाण एकत्र लावून पाहिले, तेव्हा सर्वाधिक उत्पादन देणाऱ्यांत माउंटन हूजियर, स्टोन माउंटन यांसारखे जुने सरळ वाणही होते. कलिंगडात सलग स्वपरागण (वेलाचाच पराग त्याच वेलाच्या फुलावर) केल्याने वंश फारसा खंगत नाही, ही आपल्या बाजूची आणखी एक गोष्ट. संकरिताचे खरे बळ एकसारखेपणात आणि कंपनीच्या हातात राहणाऱ्या जनकांत आहे.

उत्तर २ : बीजोत्पादक (देऊळगाव राजा)

काकांनी निवडीचे सांगितले, मी हाताने परागीकरण करण्याबद्दल लिहिते, कारण निवड कितीही चांगली केली तरी मधमाशीने शेजारच्या प्लॉटमधला पराग आणून टाकला तर सगळे पाण्यात जाते. आमच्या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बीजोत्पादन मोठ्या प्रमाणात होते आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात.

उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखावी लागते. मादी कळीच्या खाली लव असलेले वाटाण्याएवढे फळ असते आणि वर मिटलेल्या पाकळ्यांच्या टोकांना हिरव्यातून पिवळी झाक आलेली असते. ती कळी आणि त्याच वेलावरच्या दोन नर कळ्या संध्याकाळी बटर पेपरच्या लहान पिशव्यांनी झाकाव्यात. सकाळी सहा ते नऊ ही वेळ साधावी. ऊन चढल्यावर केलेले काम सहसा फुकट जाते. नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडून पुंकेसर मादी फुलाच्या स्त्रीकेसरावर हलकेच फिरवावेत. स्त्रीकेसराचे तीन भाग असतात आणि तिन्हींवर पराग सारखा लागला पाहिजे. एका बाजूला कमी लागला तर फळ त्या बाजूने चपटे आणि वाकडे वाढते. नंतर पिशवी पुन्हा चढवावी आणि देठाला रंगीत लोकरीचा धागा व तारखेची चिठ्ठी बांधावी.

तारखेची ही चिठ्ठी गोडी मोजतानाही कामाला येते. कलिंगड तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही. एका वेलाचे फळ कोवळे तोडले आणि दुसऱ्याचे पूर्ण पिकल्यावर तोडले, तर रिफ्रॅक्टोमीटरवरचा (रसातली साखर मोजणाऱ्या उपकरणावरचा) फरक वंशाचा नसून दिवसांचा असतो. सगळ्या वेलांची फळे परागीकरणापासून सारख्याच दिवसांनी तोडावीत, म्हणजे तुलना न्याय्य होते. देठाजवळची बाळी (वेटोळा तणावा) सुकणे आणि जमिनीला टेकलेला डाग पिवळा होणे या खुणा त्याच्या जोडीला पाहाव्यात. रस घेताना फक्त मधला गोड गाभा घेऊ नये. गाभ्यातून एक आणि सालीजवळून एक असे दोन थेंब मोजावेत. काही फळे गाभ्याला बारा ब्रिक्स (गोडीचे माप) दाखवतात आणि सालीकडे सातवर येतात, तर काही सगळीकडे साडेदहा-अकरा धरून असतात. खाणाऱ्याला दुसरे फळ अधिक आवडते, असा माझा अनुभव आहे.

आणखी दोन गोष्टी. वेलावर एखादे फळ आधीच धरलेले असेल तर हाताने केलेली पुढची फळधारणा गळण्याची शक्यता बरीच असते, म्हणून मधमाशीने आधी धरलेली फळे काढून टाकावीत. जीव तुटतो, पण काढावीत. दुसरे असे की काही वाणांत निव्वळ मादी फुलाऐवजी द्विलिंगी फूल येते. स्वपरागणाला त्याची अडचण नाही, मात्र संकर करायचा असेल तर आदल्या संध्याकाळी त्यातले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. म्हणून मादी जनक म्हणून शक्यतो निव्वळ मादी फुले देणारा वाण निवडावा, निम्मे श्रम वाचतात.

उत्तर ३ : रोपवाटिकाचालक (पश्चिम महाराष्ट्र)

वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान झाले, तरी एक हरकत नोंदवतो. आमच्याकडून रोपे नेणाऱ्या शेतकऱ्यांचे उत्पादन बुडते ते फळ लहान राहिल्याने किंवा गोडी कमी पडल्याने नव्हे, तर रोगाने. फुलकिडे आले की त्यांच्यामागून बड नेक्रोसिसचा विषाणू येतो, शेंडे करपून वेल जागीच खुंटतो आणि चाळीस दिवसांचा प्लॉट आठवड्याभरात बसतो. त्याच जमिनीत कलिंगड पुन्हा पुन्हा घेतले की मर रोग वाढतो, कारण त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते. अशा स्थितीत गोडी आधी की उत्पादन आधी, हा वाद मला थोडा दुय्यम वाटतो. आधी वेल उभा राहिला पाहिजे.

माझे म्हणणे असे की निवडीचा प्लॉट निगुतीने फवारून वाढवलेल्या, नव्या जमिनीत घेऊ नये. जिथे मर दिसली आहे अशाच तुकड्यात दुसरी पिढी लावावी आणि जे वेल शेवटपर्यंत हिरवे राहतील, त्यांच्यातच गोडी शोधावी. मर रोगापुरता दुसरा मार्ग कलमाचा आहे. जपानमध्ये १९२०च्या दशकापासून कलिंगडाचे कलम भोपळ्याच्या खुंटावर केले जाते आणि आज जपान व कोरियात ती सर्वसाधारण पद्धत झाली आहे. खुंट योग्य नसेल तर गर तंतुमय होतो किंवा गोडी थोडी उतरते, शिवाय रोप महाग पडते. परंतु ज्या रोगासाठी पैदासकाराला दहा वर्षे लागतील, तो प्रश्न कलमाने एका हंगामात हाताळता येतो. पैदाशीवर सगळा भार टाकू नये, इतकेच.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ताईंनी सांगितलेली तारखेची चिठ्ठी माझ्या ध्यानातही आली नव्हती. अर्का माणिक आणि शुगर बेबीचा संकर करण्याचे जवळजवळ ठरवले आहे. मात्र आणखी तीन शंका आहेत. बिनबियांच्या कलिंगडाला मोठ्या शहरांत चांगला दर मिळतो असे ऐकतो. माझ्यासारख्याने त्या वाटेला जावे का? दुसरे, पुढे मागे एखाद्या कंपनीच्या संकरित वाणापासून निवड केली तर कायद्याची काही आडकाठी आहे का? आणि रोगट जमिनीत निवड करावी, हा सल्ला काकांना मान्य आहे का? सालीच्या पारखीचे उत्तर अजून राहिले आहे, त्याचीही आठवण करून देतो.

उत्तर ४ : कृषी विद्यार्थिनी (पदव्युत्तर, उद्यानविद्या)

पहिल्या दोन शंकांपुरते लिहिते.

बिनबियांचे कलिंगड निवडीने मिळत नाही, ते दर वेळी नव्याने घडवावे लागते. कलिंगडात गुणसूत्रांच्या अकरा जोड्या म्हणजे एकूण २२ गुणसूत्रे असतात. रोपाच्या वाढत्या शेंड्यावर कोल्चिसिन या रसायनाचा प्रयोग करून ती ४४ केली की चतुर्गुणित वेल मिळतो; या वेलाच्या मादी फुलावर साध्या वाणाचा पराग घातला की ३३ गुणसूत्रांचे त्रिगुणित बी तयार होते आणि त्या बियापासून वाढलेल्या वेलाच्या फळात बी भरत नाही, फक्त पांढरी मऊ टरफले राहतात. जपानचे आनुवंशिकशास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी ही पद्धत विकसित करून १९५१ मध्ये तिच्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बेदाणा आणि केरळ कृषी विद्यापीठाने लाल गराचा शोणिमा व पिवळ्या गराचा स्वर्णा असे वाण दिले आहेत.

अडचण अशी की चतुर्गुणित वेलाच्या फळात बी थोडे भरते, म्हणून बियाणे महाग. त्याचे कवच जाड असल्याने ते सुमारे ३० अंश सेल्सिअसला, बेताच्या ओलाव्यात काळजीपूर्वक उगवावे लागते. आणि त्रिगुणित वेलाचा पराग निकामी असल्याने फळे धरण्यासाठी शेतात तीन-चार ओळींमागे एक ओळ बियांच्या वाणाची लावावीच लागते. अशा फळात आतून भेग पडण्याचे प्रमाणही अधिक असते. त्यामुळे स्वतःचा वाण घडवणाऱ्याने या वाटेला न गेलेलेच बरे. लावून पाहायचे असेल तर तयार बियाणे आणून लावावे.

कायद्याबद्दल थोडक्यात: २००१ च्या पिकांचे वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतमालाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे; संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे वेष्टन लावून विकता येत नाही, एवढी मर्यादा. कलम ३० अन्वये नोंदणीकृत वाण नव्या वाणाच्या निर्मितीसाठी मूळ सामग्री म्हणून वापरता येतो. आपला वाण स्थिर झाल्यावर शेतकऱ्याचा वाण म्हणून त्याची नोंदणीही करता येते.

रोगांच्या मुद्द्यावर एक भर घालते. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने लागवडीतील आणि रानटी अशा ४१४ कलिंगड-नमुन्यांचे जनुकीय वाचन प्रसिद्ध केले. माणसाने गोडी, लाल रंग आणि मऊ गर यांची निवड करत आणली, त्या ओघात लागवडीतल्या कलिंगडाचा जनुकीय पाया अरुंद झाला, असे त्यातून दिसते. म्हणूनच रोगप्रतिकारासाठी पैदासकारांना रानटी नातेवाइकांकडे जावे लागते. शुगर बेबी आणि अर्का माणिक यांच्या संकरात जे मुळात नाही, ते कितीही रोगट जमिनीत निवड केली तरी निघणार नाही.

उत्तर ५ : निवृत्त पैदासकार

विद्यार्थिनीने शेवटी जे लिहिले, तेच मी रोपवाटिकाचालकांना उत्तर म्हणून लिहिणार होतो. त्यांच्या अनुभवाबद्दल दुमत नाही, पण रोगट जमिनीत घेतलेली निवड फसवी ठरू शकते. मर रोग शेतात सारखा पसरलेला नसतो. एखादा वेल वाचला तो प्रतिकारशक्तीने, की बुरशी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही म्हणून, हे एका हंगामात सांगता येत नाही. विषाणूचेही तेच: फुलकिडे ज्या वेलावर उशिरा गेले तो वेल सहनशील वाटतो. शिवाय मेलेल्या वेलाची गोडी पाहता येत नाही. म्हणून दुसरी पिढी चांगल्या जमिनीत घ्यावी आणि निवडलेल्या वेलांच्या बियांचा थोडा वाटा तिसऱ्या-चौथ्या पिढीत रोगट तुकड्यात, ओळीने लावून पाहावा. वीसपैकी अठरा वेल उभे राहणारी ओळ आणि वीसपैकी पाच उभे राहणारी ओळ यांतला फरक नशिबाचा नसतो.

प्रतिकारशक्ती आणि प्रत यांची सांगड किती अवघड असते, याचा जुना दाखला अमेरिकेतला आहे. तिथे मर रोगाने कलिंगडाची शेती बसायला लागली, तेव्हा डब्ल्यू. ए. ऑर्टन यांनी ईडन नावाच्या गोड वाणाचा संकर आफ्रिकेतल्या टणक गराच्या, बेचव रानटी कलिंगडाशी केला आणि निवड करत १९११ मध्ये कॉन्करर हा मर-प्रतिकारक वाण दिला. वेल उभा राहिला, पण फळाची प्रत बाजाराला रुचली नाही. पुढे १९५४ मध्ये सी. एफ. अँड्रस यांचा चार्ल्सटन ग्रे आला. मर आणि करपा या दोन्ही रोगांना तोंड देणारा, चांगल्या प्रतीचा आणि लांबच्या वाहतुकीत टिकणारा असा तो वाण होता. एवढ्याला सरकारी प्रयोगशाळांची चार दशके लागली. पाच-सहा गुंठ्यांत रानटी कलिंगडाशी संकर करण्याच्या फंदात पडू नये, असे मी म्हणतो ते याचसाठी. मर रोगाच्या जमिनीपुरती कलमाची सूचना मला मान्य आहे.

आता साल. सालीत दोन वेगळे गुण असतात, जाडी आणि चिवटपणा, आणि त्यांची गल्लत होते. जाड साल म्हणजे टिकाऊ साल नव्हे. जाड पण ठिसूळ सालीचे फळ सुरीचे टोक लागताच टरकन शेवटपर्यंत उलते, तर पातळ पण चिवट सालीचे फळ सुरी जिथवर जाईल तिथवरच चिरते. ही ठिसूळ साल आनुवंशिक असून एका अप्रभावी जनुकाने येते, म्हणून ती पहिल्या पिढीत दडून राहते आणि दुसऱ्या पिढीत चौथ्या हिश्श्याच्या वेलांवर उघड होते. फळ कापताना कोणते उलले याची नोंद करावी आणि असा वेल कितीही गोड असला तरी सोडून द्यावा. जाडी मोजताना फळाच्या मध्यावर, जमिनीला टेकलेली बाजू सोडून, पट्टीने पांढरा भाग मोजावा. सव्वा-दीड सेंटीमीटरच्या पुढे गेली की गिऱ्हाईक कुरकुरते. निवडलेल्या वेलांचे एखादे जास्तीचे फळ मिळाले तर ते सावलीत गोणपाटावर आठवडाभर ठेवून मग कापावे. गर सैल पडतो का, बियांभोवती पाणी सुटते का, हे तेव्हा दिसते, आणि व्यापाऱ्याला नेमके तेच पाहायचे असते.

कामाचा क्रम असा बसेल. पहिल्या हंगामात संकर, दुसऱ्यात पहिल्या पिढीचे पाच-सहा वेल स्वपरागित करून भरपूर बी, तिसऱ्यात दोनशे वेलांची दुसरी पिढी. त्यातून दहा-बारा वेल निवडावेत. चौथ्या-पाचव्या हंगामात प्रत्येक वेलाची वेगळी ओळ लावून आधी चांगली ओळ आणि मग त्या ओळीतला चांगला वेल, या क्रमाने निवड करावी. चांगल्या वेलाच्या मोहात वाईट ओळ राखू नये. आपल्याकडे उन्हाळी लागवडीखेरीज पावसाळा संपताना आणखी एक लागवड होते, त्यामुळे वर्षात दोन पिढ्या घेता येतील. मात्र गोडीची अंतिम निवड उन्हाळी हंगामातच करावी, कारण ढगाळ हवेतले ब्रिक्सचे आकडे उन्हाळ्याशी ताडून पाहण्यासारखे नसतात.

सहाव्या हंगामात सहा उत्तम वंश, त्यांच्याबरोबर अर्का माणिक आणि त्या वर्षी गावात चालणारा संकरित वाण, अशा आठांची परीक्षा घ्यावी. प्रत्येकाचे वीस वेल, शेतात तीन वेगळ्या ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने लावावेत. एकूण ४८० वेल होतात, नेहमीच्या अंतरावर त्यांना सव्वातीन गुंठे पुरतात. वेलांची टोके आपापल्या वाफ्यात वळवत राहावे, नाहीतर कोणाचे फळ कोणाचे हे कळत नाही. वजन फक्त विक्रीयोग्य फळांचे करावे आणि किती वेलांनी असे फळ दिले, तो आकडा वेगळा लिहावा. उत्पादनाचा निर्णय या आकड्यांवर घ्यावा, त्याआधी नाही.

वाण ठरल्यावर एकेक कळी झाकत बसण्याची गरज उरत नाही, परंतु विलगीकरण मात्र लागते. पायाभूत बियाण्यासाठी कलिंगडाच्या दुसऱ्या प्लॉटपासून १,००० मीटर अंतर सांगितलेले आहे. आपल्या गावात तेवढे मिळणे कठीण असेल, तर बियाण्यापुरते चाळीस-पन्नास वेल लहान शेडनेटमध्ये घेऊन ताईंच्या पद्धतीने परागीकरण करावे. एका एकराला पुरेल एवढे बी त्यातून सहज निघते. बी धुऊन सावलीत वाळवावे आणि ओलावा सात टक्क्यांपर्यंत उतरल्यावर हवाबंद डब्यात ठेवावे. अर्का माणिकचे बियाणे बंगळुरूच्या संस्थेच्या ऑनलाइन बियाणे विक्रीतून मागवता येते. येत्या हंगामात संकर करायचा असेल तर मागणी आताच नोंदवून ठेवावी आणि दोन्ही जनक आठ दिवसांच्या अंतराने दोनदा लावावेत, म्हणजे नर आणि मादी फुलांची वेळ हमखास जुळते.